दांड्यावरची सुतळी

मी जातीचा सुतार. गाव पोंभुर्ण्याच्या अल्याड, दहा-बारा घराचं, चहूकडून जंगल, आता तिथी डांबरी सडक गेली म्हनतात पन मी पाहाले गेलो नाई. शाळा म्हनसान तं दुसरीपर्यंत. मास्तरनं कान पिळला अन् मी मास्तरच्या मनगटाले चावलो, तवाच शाळा संपली. पन सही करतो बाई, अंगठा नाई लावत, हे आधी लिहून घ्या. तुम्ही नागपूरवरून आल्या, चार वर्स कालेजात शिकल्या, तुमच्या कामाले थे ऑक्युपेशनल थेरपी का काय म्हनतात, हा शब्द मीनं तुमच्याच तोंडून ऐकला. शब्द तुमचा असन. काम मीनं तवा केलं जवा चांदा एकच जिल्हा होता, गडचिरोली त्याच्यातच, अन् आमचा कारभार पार मध्यप्रदेशात होता. मले कोनं शिकवलं नाई. शिकवलं असन तं माह्या बापाच्या वाकड्या हातानं शिकवलं.

बाप आलापल्लीच्या जंगलात आऱ्यावर होता. आरा म्हनजे मोठी करवत, दोघायची. जमिनीत खड्डा कराचा, वरतं सागवानाचं लाकूड आडवं टाकाचं, एक मानूस वरतं उभा, एक खालतं खड्ड्यात. वरतं बाप, खालतं मी. दिवसभर भुसा डोळ्यात, नाकात, तोंडात. करवतीची रेघ हुकली का बाप वरून लाथ मारे, थेट डोक्यात. काय सांगू तुम्हाले, त्या खड्ड्यातून मले बापाचे पायच दिसत, अन् मी त्या पायायवरून ओळखो का आता लाथ येते का नाई. मी रडलो नाई कधी. रडलो असतो तं त्यानं अजून मारलं असतं, तसाच मानूस होता, अन् मी भी तसाच निघालो, माह्या बायकोले विचारा. नाई, ती आता नाई राह्यली. असो.

तं एका चैतात बाप सकाळी झाडाआड गेला अन् अस्वल भेटलं. अस्वल वाघावानी नाई मारत बाई. वाघ मारते अन् मोकळा होते, अस्वल सोलते. आमी कुऱ्हाडी घेऊन धावलो तवा थे बापाच्या छातीवर बसलं होतं, बापानं उजवा हात त्याच्या तोंडात घातला होता, घशात, म्हनजे थे मुंडक्याले येऊ नाई म्हनून. तिघायनं मिळून त्याले तोडलं. मेल्यावर भी त्याचा जबडा हातावरून सुटत नव्हता, मीनं पहार घालून उचकावला. एका गालाचं कातडं लोंबत होतं. बैलबंडीत टाकून तीन दिवस चाललो, अन् चांद्याकडे एक दवाखाना होता, त्याचं नाव सांगत नाई, तिथी नेलं.

बाप वाचला. जखम भरली. पन हात लाकूड झाला. बोटं वाकत ना, उघडत ना, जशी वाळल्या मक्याची कनसं. डॉक्टर म्हने जखम बरी झाली, घरी न्या. बाप म्हने घरी जाऊन करू काय, याच्यानं लाकूड ताशाचा वाकस धरता येत नाई, तोंडात घास जात नाई, मले त्या अस्वलाजवळ परत नेऊन टाका. मले राग आला. मी म्हनलो दवाखान्यातून हालत नाई. व्हरांड्यात पडून राह्यलो. अन् बापाचा वाकस घरून आनवला, त्याचाच, दुसऱ्याचा नाई. सुताराच्या वाकसाचा दांडा वर्सानुवर्स त्याच्याच मुठीनं झिजलेला असते, दुसऱ्याच्या हाताले थो ओळख देत नाई.

त्या दांड्यावर मीनं सुतळी गुंडाळली, इतकी का दांडा लौकीवानी जाड झाला. बापाचा हात ऊन पान्यात बुडवाचा, तेल चोळाचं, अन् बोटं एक एक धरून त्या दांड्यावर दाबाची. कातडी फाटे, रक्त निघे, बाप आईमाईवरून शिव्या दे. एकदा माह्या दंडाले कडकडून चावला, हे पाहा, वळ अजून आहे. मी सोडलं नाई. बोटं जाड दांड्यावर टेकली का दुसऱ्या दिवशी सुतळीचे दोन फेर काढाचे. टेकली का अजून दोन. पावसाळा लागला अन् सरला, तवा सुतळी संपली अन् बोटं लाकडाले लागली. त्या दिवशी डॉक्टर साहेब पाहाले उभे होते. बापानं वाकस खाली ठेवला अन् त्याच हातानं माह्या कानाखाली अशी ठेवून दिली का मी भिंतीवर गेलो. म्हने, हे चार महिने छळलं त्याच्याबद्दल. डॉक्टर साहेब हसले. म्हने हात आला.

मंग त्यायनं मले ठेवून घेतलं. कामाले नाव नव्हतं, कागदावर वार्डाचा नोकर, पन माह्याजवळ येत थे सारे हातवाले. आऱ्याखाली बोटं गेलेले, बिबट्यानं खांदा फाडलेले, कढईत हात गेलेली बाई, नवऱ्यानं इळ्यानं बोटं छाटलेली बाई. मी पहिले विचारो, काम काय करता. बुरड असन तं त्याची बांबू चिरायची सुरी आनवो, ढिवर असन तं जाळं, बाई असन तं सूप. दवाखान्यात लाकडाच्या खुट्ट्या होत्या, भोकाच्या फळीत घालाच्या अन् काढाच्या. मी त्या कोपऱ्यात फेकल्या. मानूस खुट्टीसाठी दुखनं सोसत नाई. आपल्या अवजारासाठी सोसते. वरडत, रडत, थुंकत लोक माह्यावर. पन हात घेऊन जात. दवाखान्यात मले सारे मिस्त्री म्हनत, डॉक्टर साहेब भी. मले तवा वाटे का ह्या जिल्ह्यात माह्यावानी कोनी नाई, अन् खरंच नव्हता.

तवा सोमा आला. मूलच्या बाजूचा कुनबी, धानाचं वावर, तीस-बत्तीस वर्साचा गडी. उजव्या हाताच्या पाठीवरून घाव, करंगळी गेली, बाकीची तीन बोटं ताठ. सांगतलं का लाकूड फोडताना लागलं. बायको संग होती, ती खाली पाहून राह्यली होती. मी मनात म्हनलो, उजव्या हातानं लाकूड फोडनाऱ्याच्या उजव्याच हाताले कसं लागते. पन विचारलं नाई. मी नेहमीसारखं सांगतलं, ह्याची कुऱ्हाड आन बाई, ह्याची सोताची, कोनाची उसनी आनशीन तं परत पाठवीन. चार दिवसानं तिनं आनली.

सुतळी गुंडाळली अन् काम सुरू केलं. पंधरा दिवस झाले, बोटं हालेनात. सोमा ओरडे नाई, शिव्या दे नाई, नुसता त्या कुऱ्हाडीच्या पात्याकडे पाहात राहे. मले थे पटलं नाई, ओरडत नाई त्याचा हात येत नाई. एक दिवस म्हनलो, का रे, कुऱ्हाडीचं भेव वाटते का बायकायवानी. तवा त्यानं सांगतलं.

म्हने मिस्त्री, ह्याच कुऱ्हाडीनं माहा हात तोडला. माह्या भावानं.

भाऊ मोठा, लक्ष्मन. बाप मेल्यावर वावराची वाटनी झाली, घर मात्र एकच राह्यलं, चूल दोन, उंबरठा एक, अन् बापाची कुऱ्हाड एक, आड्याले टांगलेली, ज्याले लागन त्यानं न्याची. वाटनीच्या धुऱ्यावर, बांधावर, एक मोहाचं झाड होतं. त्याईच्या गावची रीत अशी का फागुनात झाडाखालचा पाला जो पहिले जाळन, जागा झाडून साफ करन, त्या वर्साची फुलं त्याची. लक्ष्मन म्हने मीनं जाळलं. सोमा म्हने तुह्या आधी मीनं जाळलं, तू माह्या राखेवर राख केली. सोमा फुलं वेचाले वाकला, हात जमिनीवर, अन् लक्ष्मननं वरून घाव घातला. पंच बसले, भावाभावाचं आहे म्हने, ठान्यात कोनी जाऊ नोका. कुऱ्हाड धुवून परत आड्याले टांगली. मी ह्याची सोताची कुऱ्हाड आन म्हनलो तवा त्या बाईनं काय करावं. घरात दुसरी होती का.

इथी बाई, नीट आयका, इथीच सारं आहे. मी त्या घटकेले थे अवजार काढून घ्याले पाहिजे होतं. इळा द्यायचा होता, नांगराची मूठ द्यायची होती, कुनब्याच्या घरी काय कमी अवजारं असतात. पन मीनं पाह्यलं का भावाचं नाव घेताना सोमाचं मधलं बोट हाललं. पंधरा दिवसात पहिल्यांदा. माह्या डोक्यात काय शिरलं तं एवढंच, का तेल ऊन पानी जे करून नाई राह्यलं थे राग करून राह्यला. मी खूश झालो.

मंग मी रोज रागच पाजला त्याले. दांडा हातात दिला का म्हनो, सोमा, लक्ष्मन आता धुऱ्यावर उभा असन. सोमा, तुही करंगळी पुरली का कुत्र्यानं नेली रे. तुह्या पोट्ट्याले मोहाजवळ जाऊ देते का थो. सोमाच्या गळ्याच्या शिरा फुगत अन् बोटं त्या दांड्यावर अशी बसत का सुतळी करकरे. रोज दोन फेर नाई, चार चार फेर सोडले. बापाले चार महिने लागले होते, सोमाचा हात दीड महिन्यात आला. पातं बोथट होतं, बोथट पात्यानं हाताले हिसका बसते, म्हनून मीनं सोता दगडावर धार लावली. थो दवाखान्याच्या रसोईची लाकडं फोडू लागला, एका घावात दोन ढलप्या. सारे पाहाले येत. डॉक्टर साहेबानं माह्या पाठीवर हात ठेवला. मी त्या दिवशी पाच बोटायचा राजा होतो.

सोमा घरी गेला. अन् पुढच्या फागुनात लक्ष्मनले बंडीत घालून आनलं. झाडाखाली बसून पाल्याले आग लावून राह्यला होता, फुंकून राह्यला होता, अन् सोमा मांगून आला. लक्ष्मननं हात वर केला म्हनून डोकं वाचलं. घाव कोपराखाली, हाड दिसे, पांढरं, अन् हात उलटा लोंबे. टेबलावर धराले मलेच बोलावलं. मीनं थो हात दोन्ही हातानं धरला अन् माह्या लक्षात आलं का घाव किती साफ आहे. धार माही होती.

ठानेदार आला. कुऱ्हाडीले धार कोनं लावली. मीनं. कोन्या कामासाठी. हात यावा म्हनून. त्यानं दोन थापडा मारल्या, मी खालतं पाह्यलं नाई. सोमाले सजा झाली. डॉक्टर साहेब शांत मानूस, पन त्या दिवशी त्याईनं कागद माह्यापुढं आपटला. म्हने, लिहून दे का चूक झाली, अन् याच्यापुढं इथी कोनाच्या हातात अवजार देणार नाई, फक्त खुट्ट्या, तं तुले ठेवतो. आता चूक झाली हे मले माहीत होतं. रागाची गोष्ट मीनं त्याईले सांगतली भी नव्हती, थे फक्त माह्या पोटात होतं. पन खुट्ट्यायवर मी सही करनार नाई. साहेब म्हने, अरे तुह्यानं एक मानूस मरता मरता राह्यला. मी म्हनलो, साहेब, चूक माही, अवजाराची नाई. तुम्ही चुकीसाठी अवजार बंद करून राह्यले. म्हने मंग जा. मी गेलो. फाटकापर्यंत वाटलं हाक मारतीन. मारली नाई.

तं अशी माही सोताची, तुम्ही काय म्हनल्या, प्रायव्हेट प्रॅक्टिस. पोंभुर्ण्याले साळ्याचा, बायकोच्या भावाचा, गोठा होता, बैल मेले होते म्हनून रिकामा. शेन काढलं, चूल मांडली ऊन पान्याची, खाट टाकली. बायको म्हने, दवाखान्यानं हाकललं तं गोठ्यात डॉक्टर झाला. आठ महिने चिटपाखरू आलं नाई. लोक बाजारच्या दिवशी बोट दाखवत, हाच थो, खुन्याले धार लावून देनारा. मी बैलगाड्यायची चाकं करून पोट भरत होतो अन् खाट रोज झाडत होतो. बायको म्हने कायले झाडता. मी म्हनो, तुह्या बापाची खाट आहे का.

पहिला आला थो लक्ष्मन. दुसरं कोनी नाई, लक्ष्मन. हाड वाकडं जुडलं होतं, मनगट पडलेलं, मूठ मिटेना. दारात उभा राह्यला, खांद्यावर त्याच्या थेच कुऱ्हाड. खटला संपल्यावर घरी आली म्हने. ओसरीत टाकली अन् म्हने:

सोम्याचा हात तू केला. आता माहा कर. जसा त्याचा केला तसाच कर, त्याचं नाव घे माह्यापुढं. थो चार वर्सानं सुटन.

मी म्हनलो, इथी ऊन पानी माहं, तेल माहं, अवजार मी म्हनन थे. त्यानं शिवी दिली. मीनं भी दिली. दुपारपर्यंत असंच. त्याची बायको धुऱ्यावर बसल्यावानी मधात बसली होती, ती म्हने दोघं भी बैलच आहात. मंग थो खाटेवर बसला.

पहिले इळा दिला, दांडा जाड करून. थो म्हने हे बायकायचं. मीनं त्याले पऱ्हे, धानाची रोपं, उपटाले लावलं, रोवन्याच्या चिखलात, बायायच्या रांगेत, ऊन चिखल बोटायले चांगला असते. बाया हसत. थो रडे, रागानं, पन मी कोनाचं नाव घेतलं नाई. एकदा त्यानं सोताच घेतलं, सोम्या, सोम्या करत दांडा आवळू लागला, तवा मीनं त्याच्या हातातून दांडा हिसकून घेतला अन् त्या दिवशी काम बंद केलं. हळूहळू येत होतं. चार महिने, सहा महिने. इळा धरता आला. धान कापलं त्यानं, पेंढी बांधली. मंग म्हने आता कुऱ्हाड.

नाई म्हनलो असतो तं थो दुसऱ्याकडे गेला असता, नाई तं घरी बसून सोताच केलं असतं, रीत त्याले समजली होती. म्हनून मी हो म्हनलो. कुऱ्हाडीच्या दांड्यावर सुतळी गुंडाळली. बोटं येऊ लागली, सोमाइतकी जोरात नाई पन येऊ लागली, अन् चांगली पक्की येत होती, मले दिसत होतं, अजून दोन महिन्यात हा मानूस पूरा होते. इळ्याले अर्धी मूठ चालते बाई. कुऱ्हाडीले पूरी लागते, नाई तं घाव बसताना दांडा हातात फिरते.

तं थो जेवाले गेला का मी, काय सांगू तुम्हाले, हे आजवर कोनाले सांगतलं नाई, बायकोले भी नाई. थो जेवाले गेला का मी दांड्यावर परत सुतळी गुंडाळत होतो. सकाळी त्याच्यापुढं दोन फेर सोडाचे, दुपारी दोन चढवाचे. थो येऊन धरे, तितकंच जाड. महिना गेला, दोन गेले. थो म्हने मिस्त्री, पुढं जाऊन नाई राह्यलं. मीनं त्याचा हात हातात घेतला, उलटा-पालटा पाह्यला, अन् म्हनलो लक्ष्मन, एवढाच येनार होता. माही कला इथी सरली.

मी, ज्यानं मास्तरपुढं मान नाई वाकवली, डॉक्टर साहेबापुढं नाई, त्यानं हे तोंडानं म्हनलं.

सोमा सुटून आला तवा मी तिथी नव्हतो. लक्ष्मननं सांगतलं, म्हनजे सांगतलं नाई, माहं थोबाड फोडता फोडता सांगतलं. सोमा सकाळी गावात आला, सरळ मोहाखाली जाऊन उभा राह्यला. लक्ष्मन कुऱ्हाड घेऊन धावला. उचलली, घातली, अन् दांडा मुठीत फिरला. पातं आडवं लागलं खांद्याले, नुसतं सुजलं. कुऱ्हाड हातातून सुटली अन् राखेत पडली. सोमानं उचलली. गाव म्हने आता गेला लक्ष्मन. सोमानं भावाच्या हाताकडे पाह्यलं, मूठ तशीच अर्धी वळलेली, हवेत. मंग कुऱ्हाड खांद्यावर टाकली अन् बायकोपोरायले घेऊन तिच्या माहेरी गेला, सिरोंच्याकडे, तेलंग्यायच्या मुलखात. परत आला नाई. घाव घातला असता त्यानं तं मी आज तुमच्याशी असं तोंड वर करून बोललो नसतो, हे भी मले माहीत आहे. त्याच्या हाताचा मी काही बंदोबस्त केला नव्हता. त्यानं नाई घातला, थो त्याचा चांगुलपना, माहा नाई.

लक्ष्मन त्याच दुपारी पोंभुर्ण्याले आला. गोठ्यात तवा सात-आठ रोगी बसले होते, माहं नाव आता झालं होतं, पार ब्रह्मपुरीवरून लोक येत. सर्वायपुढं त्यानं बैलाची काठी माह्या तोंडावर मारली. वरचे दोन दात तिथीच पडले. म्हने, सोम्याचा पूरा केला अन् माहा अर्धा, गावापुढं नामर्द केला मले. तू कशाचा मिस्त्री, तुले अर्धंच येते. अजून मारलं, बरगडीत, पाठीवर. लोक मधात पडाले उठले, मीनं हातानं थांबवलं. एक शब्द होता माह्या तोंडात, रक्तासंग. म्हनलं असतं, लक्ष्मन, सुतळी मीच चढवत होतो, तुहा हात पूरा येत होता. सारे रोगी आयकत होते. माही इज्जत एका वाक्यावर होती. पन थे वाक्य बोललो असतो तं थो उद्यापासून घरी बसून सुतळी सोडत बसला असता अन् दोन महिन्यानं सिरोंच्याकडे निघाला असता. मी थे वाक्य गिळलं. दात थुंकले. त्यातले तीन रोगी त्याच दिवशी उठून गेले.

त्याच्यानंतर चाळीस वर्स मी काम केलं. हजार हात केले असतीन, मोजले नाई. अजून भी त्या भागात म्हनतात, मिस्त्री चांगला, पन लक्ष्मनचा हात त्याच्यानं झाला नाई. म्हनू द्या. पुन्न्य म्हनून सांगत नाई बाई, मानसाचा हात त्याले न विचारता मीनं अर्धा ठेवून घेतला, ही चोरीच आहे. सोमाले राग दिला थे पाप, लक्ष्मनचा हात राखला थे चोरी, अन् दोन्ही मीनंच केलं. तुमच्या कालेजात याच्याबद्दल काय लिहिलं आहे मले माहीत नाई. मले विचारसान तं मी थे दोन फेर आज भी चढवीन.

लक्ष्मन म्हातारा होऊन खाटेवर मेला, सरळ मौतीनं. त्याचा पोट्टा आता साठीचा आहे, दिवाळी झाली का नव्या धानाचे तांदूळ घेऊन येते, दरसाल. बसते, चहा पिते, म्हने बाबा तुमच्यावर चिडून होते, पन अर्ध्या हातानं त्यायनं आमाले वाढवलं. मी हूं म्हनतो. तांदूळ पिशवीतून वतून घेतो, पिशवी झटकून परत देतो. यंदाचे बारीक आहेत, वास चांगला येते. तुम्ही जेवूनच जा बाई, भात होऊनच राह्यला आहे.